नांदूर मध्यमेश्वर: निघण्याआधी आवर्तनाची चौकशी करा

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात काय दिसेल, हे थंडीइतकंच पाण्याच्या पातळीवर ठरतं. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळच्या या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यात वर्षानुवर्षांचा गाळ साचलाय. म्हणून पाणी उथळ, मधे मातीची बेटं, काठाला पाणवनस्पती आणि पलीकडे गवताळ पट्टे. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे सिंचनाचं पाणी, सुटलं की चिखलाचे पट्टे बुडतात आणि तुतवार, शेकाट्यांसारख्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. बदकं राहतात, पण पांगतात. तेव्हा आदल्या दिवशी पाणी किती आहे हे चापडगावातल्या एखाद्या गाइडला विचारूनच निघावं.

नाशिकहून निफाडमार्गे साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. धुकं असेल त्या दिवशी पहाटेचा पहिला तास वाया जातो, तरी ते विरेल तेव्हा तुम्ही निरीक्षण मनोऱ्यावर असायला हवं. दुपारी पाणी चमकतं आणि सगळे पक्षी काळेच दिसतात.

दुर्बीण ८×४२ची पुरे. लांबच्या थव्यांसाठी मात्र स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) लागतोच, त्यामुळे स्कोपवाला स्थानिक गाइड घ्या. ते पैसे वसूल होतात. थापट्या बदकांकडे नीट बघा: चपटी चोच पाण्यावर टेकवून ती गोल गोल फिरतात, त्या घुसळणीने वर आलेलं बारीक खाद्य चोचीतून गाळून घेतात. कमळपक्षी लांबलचक बोटांवर भार पसरून पानांवरून चालतो. सगळा थवा एकदम उठला, तर पाण्याकडे न बघता गवताच्या दिशेने बघा. बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून तरंगत आलेला असतो.

गवताकडे बरेच जण पाठ फिरवतात, ते चुकतं. चंडोल, तित्तिर तिथेच. पायवाट मात्र सोडू नका. जमिनीवर बसणारे पक्षी उठतात, आणि काठाचा सुकलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो. फोटोसाठी काठावर उतरणाऱ्यांमुळे इतरांची सकाळ वाया जाते.

१९८६पासून हे अभयारण्य आहे आणि २०२०मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तरी मोठ्या सोयींची अपेक्षा नको: पाणी, खाणं आणि सुटे पैसे घरून न्या, भडक कपडे टाळा. रविवारी गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी जा.