सामना पाहायचा राहिला, तर आधी कोणता तक्ता उघडावा?

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे बरेचसे सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात आणि सकाळी ऐन घाईच्या वेळी संपतात. नोकरी-कॉलेज सांभाळणाऱ्यांच्या हाती मग आकडेच उरतात. तेही थोडेथोडके नसतात. खेळाडूंचा बॉक्स स्कोअर (प्रत्येकाची वैयक्तिक आकडेवारी), संघांची एकूण बेरीज, ट्रू शूटिंग, प्लस-मायनस, प्ले-बाय-प्ले (प्रत्येक घडामोडीची क्रमवार नोंद) असं सगळं एका ॲपमध्ये असतं आणि पाहायला वेळ असतो पाच मिनिटं. आधी काय उघडायचं हे ठरवण्यासाठी एकच सामना घेऊन हे सगळे तक्ते शेजारी शेजारी लावून पाहू.

सामना आहे २०१६ च्या अंतिम मालिकेतला सातवा. १९ जूनला ओकलंडच्या ओरॅकल अरेनात झाला, तेव्हा भारतात सोमवारची सकाळ होती. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स ९३, गोल्डन स्टेट वॉरियर्स ८९. वॉरियर्सनी त्या मोसमात साखळीतले ७३ सामने जिंकले होते आणि मालिकेतही ते चार सामन्यांनंतर ३-१ असे पुढे होते.

बहुतेक जण आधी खेळाडूंचा बॉक्स स्कोअर पाहतात. या सामन्याचा तो पाहिला, तर जिंकलं कोण याचा अंदाज हमखास चुकेल. ड्रेमंड ग्रीन: ३२ गुण, १५ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू), ९ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास), १५ पैकी ११ फटके आत, त्यात ८ पैकी ६ थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके). लेब्रॉन जेम्स: २७ गुण, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, पण २४ पैकी फक्त ९ फटके आत. लेब्रॉनचं ट्रिपल-डबल (तीन रकान्यांत दोन आकडी संख्या) डोळ्यांत भरतं, तरी नुसत्या आकड्यांवर त्या रात्रीचा सर्वोत्तम खेळाडू निवडायचा झाला तर मी ग्रीनलाच निवडेन. आणि ग्रीन हरलेल्या संघात होता. खेळाडूंचा तक्ता कोण चांगलं खेळलं ते सांगतो. सामना कशामुळे फिरला ते त्यात दिसेलच असं नाही.

ट्रू शूटिंग हे याच तक्त्याचं सुधारलेलं रूप. क्रिकेटमध्ये नुसत्या धावा न पाहता स्ट्राइक रेट पाहतो, तसंच काहीसं. एकूण गुणांना, फेकलेले फटके अधिक फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या एका गुणाच्या फटक्यांच्या) ०.४४ पट या बेरजेच्या दुपटीने भागायचं. हिशेब घरीही करता येतो. ग्रीनचं येतं जवळपास ९५ टक्के, जे अचाट आहे. कॅव्हेलियर्सच्या कायरी अर्विंगने २६ गुण केले, त्याचं साडेबावन्न. लेब्रॉन साडेसत्तेचाळीस, वॉरियर्सचा स्टीफन करी चव्वेचाळीसच्या आसपास. करी आणि क्ले थॉम्पसन यांनी मिळून २४ थ्री-पॉइंटर फेकले आणि ६ आत घातले. वॉरियर्सचं दुखणं इथे स्पष्ट होतं. ग्रीन सोडला तर बाकी संघाचे ३३ पैकी ९ थ्री-पॉइंटर आत गेले.

माझं मत मात्र असं की पहिली नजर संघांच्या बेरजेवर टाकावी. हा तक्ता लोक सर्वांत कमी उघडतात, कारण त्यात नावं नसतात.

| | कॅव्हेलियर्स | वॉरियर्स |
|---|---|---|
| एकूण फटके | ८२ पैकी ३३ | ८३ पैकी ३२ |
| थ्री-पॉइंटर | २५ पैकी ६ | ४१ पैकी १५ |
| फ्री थ्रो | २५ पैकी २१ | १३ पैकी १० |
| रिबाउंड | ४८ | ३९ |

या चार ओळींत सामना मावतो. थ्री-पॉइंटरमधून वॉरियर्सनी २७ गुण जास्त कमावले. कॅव्हेलियर्सनी २० गुण साध्या दोन गुणांच्या फटक्यांवर जास्त कमावले (२७ विरुद्ध १७ बास्केट) आणि ११ फ्री थ्रोवर. वजाबाकी केली की उरतात नेमके ४ गुण, जेवढ्या फरकाने सामना संपला. संघांचं ट्रू शूटिंग काढलं तर दोघांचं जवळजवळ सारखं, ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नेमबाजीत कुणी सरस ठरलं नाही. फ्री थ्रो धरून कॅव्हेलियर्सना प्रयत्न थोडे जास्त मिळाले, आणि रिबाउंडमधली नऊची तफावत त्याच दिशेला बोट दाखवते. सगळं लक्ष ग्रीनच्या ३२ गुणांवर राहिलं, तर हे निसटतं.

प्लस-मायनस म्हणजे खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे गेला. एका सामन्यापुरता त्यावर विश्वास ठेवू नये, असं मी नव्या प्रेक्षकांना नेहमी सांगतो, कारण सोबतचे चार जण आणि समोरचे पाच जण कोण यावर तो आकडा झुलतो. मोसमभराचा प्लस-मायनस ही वेगळी गोष्ट. या सामन्यात कॅव्हेलियर्सच्या केव्हिन लव्हचे गुण फक्त ९, पण प्लस-मायनस अधिक १९. त्या आकड्याने एक काम नक्की केलं. त्याच्या १४ रिबाउंडकडे परत बघायला लावलं.

प्ले-बाय-प्ले सर्वांत लांबलचक. शेवटची पाच मिनिटं तेवढी वाचावीत. ४ मिनिटं ३९ सेकंद उरली असताना ८९-८९ अशी बरोबरी झाली आणि त्यानंतर वॉरियर्सना एकही गुण मिळाला नाही. जवळपास दोन मिनिटं बाकी असताना वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोडालाचा ले-अप (बास्केटजवळून टाकलेला फटका) लेब्रॉनने मागून धावत येऊन बोर्डवर अडवला. ५३ सेकंद उरली असताना अर्विंगचा थ्री-पॉइंटर आत गेला. बॉक्स स्कोअरमध्ये त्या ब्लॉकची किंमत एक, आणि अर्विंगच्या त्या फटक्याची तीन गुण.

पाच मिनिटं असतील तर संघांची बेरीज, मग शेवटच्या पाच मिनिटांचं प्ले-बाय-प्ले. दहा असतील तर त्यात ट्रू शूटिंग जोडा. फँटसी संघ निवडणाऱ्यांनी मात्र खेळाडूंचाच तक्ता आधी पाहावा, कारण तिथे गुण त्याचेच मिळतात. आणि सामना शेवटच्या मिनिटापर्यंत अटीतटीचा झालेला दिसला, तर त्या मिनिटाची चित्रफीत शोधून पाहाच. अर्विंगच्या फटक्यानंतर करीसमोर बचावाला लव्ह आला. उंच, जड, पायाने संथ समजला जाणारा खेळाडू. करीने डावी-उजवी हुलकावणी दिली, लव्ह हलला नाही आणि करीचा थ्री-पॉइंटर चुकला. तक्त्यात ही नोंद फक्त करीच्या नावापुढे आहे. लव्हच्या ओळीत तिच्यासाठी रकानाच नाही.