युगांडात तीन महिने क्रिकेट कोचिंग, त्यानंतर पाच महिने देवगडात: माझा अनुभव

बरेच जण विचारतात, पदरचे पैसे घालून तिकडे शिकवायला जाऊन काय मिळालं, म्हणून एकदाच नीट लिहितो. फेब्रुवारी ते एप्रिल कंपालाजवळच्या शाळांमधे होतो, मुलांना क्रिकेट शिकवायचं आणि त्यातूनच एचआयव्हीची माहिती द्यायची असं काम.

आधी तयारीचं सांगतो. यलो फीवरची लस निघायच्या निदान 10 दिवस आधी घ्या, ती ठरलेल्या सरकारमान्य केंद्रावरच मिळते, आणि ते कार्ड जपून ठेवा कारण परत येताना आपल्याकडे एअरपोर्टवर पण मागतात. मलेरियासाठी डॉक्टरांनी मला रोज डॉक्सीसायक्लिन दिलेली, घरी आल्यावर पण चार आठवडे चालू ठेवायची होती. पाकीट बघून आई म्हणाली, अरे ही तर आपली लेप्टोची गोळी! (लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतातून पसरणारा ताप.)

तिकडे क्रिकेटचं वेड आहे का, तर आहे. 2024 च्या टी-20 वर्ल्ड कपमधे युगांडा पहिल्यांदाच खेळला आणि पापुआ न्यू गिनीला हरवलं, ती मॅच पोरं अशी सांगायची जशी स्वतःच खेळून आलीत.

एक खेळ मात्र सगळ्यात भारी. दहा मुलं खांद्याला खांदा लावून उभी, हात पाठीमागे, आणि टेनिस बॉल पाठीमागूनच हातोहात फिरतो. समोरच्यांनी तोंडं बघून ओळखायचं बॉल कोणाकडे आहे ते. जवळजवळ प्रत्येक वेळी चुकतात. मग विचारायचं, बघून कळलं का? एचआयव्हीचं पण तसंच, माणूस ठणठणीत दिसतो, टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा सगळी गप्प, तिथल्याच कोचने त्यांच्या लुगांडा भाषेत सांगितलं आणि हातच हात वर. खेळ संपल्यावर एक मुलगी मागे थांबली, त्यालाच हळूच विचारलं की मावशीच्या ताटात जेवलं तर चालतं का. तो म्हणाला, बिनधास्त जेव, जेवणातून नाही होत. मला तिने कधीच विचारलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.

तक्रार एकच पण मोठी आहे. ज्या संस्थेतर्फे गेलो त्यांनी दोन दिवस ट्रेनिंग दिलं ते सगळं बॅटिंग बोलिंगचं, एखाद्या मुलाने विचारलं टेस्ट कुठे करतात तर काय सांगायचं हे कोणी सांगितलंच नाही, ते पण त्या कोचनेच सांभाळलं. आणि दोन आठवड्यांसाठी येणारे ग्रुप बघून वाईट वाटायचं, पोरं जरा मोकळी होतात तोवर हे एअरपोर्टवर.

आता इकडचं. जुलैत पाऊस धो धो, मैदान बंद, म्हणून शाळेच्या पडवीतच तो बॉलचा खेळ घेतला, पण लेप्टोसाठी. शेतातलं पाणी दिसायला नितळ असलं तरी त्यात उंदराचं मूत मिसळलंय का हे बघून कळत नाही, आणि पायाला जखम असेल तर जंतू तिथूनच आत शिरतात. सातवीतला एक पोरगा ओरडला, "सर, बॉल माझ्याच हातात होतो, पण तुमका गावाक नाय!" आणि मग सगळे पांगल्यावर त्याने पाय पुढे केला, लावणीत टाच चिरलेली, चिखल तसाच आत. धुऊन, पट्टी बांधून त्याला तसाच आशाताईंकडे घेऊन गेलो.

जाणार असाल तर शाळेची अख्खी टर्म जा, आणि पैसे भरण्याआधी विचारा की तिथला कोच कोण आहे आणि आपण परतल्यावर तो हे चालू ठेवणार आहे का.