यू-क्लॅम्प की बँड क्लॅम्प?
पिकअपला कंपनीचा नसलेला, बाहेरून घेतलेला सायलेन्सर बसवला की पाइपात पाइप सरकवलेल्या जोडावर फुसफुस ठरलेलीच. डिझेल गाडीत तिथे काजळीचा काळा ओघळही दिसतो.

स्वस्तातला उपाय यू-क्लॅम्प, म्हणजे नटांनी आवळायची U आकाराची सळई. पण नट आवळला की तो पाइप चेपतो, गोलाई जाते आणि उरलेल्या फटीतून धूर निघतो. माझ्या गाडीचा असा जोड नंतर सोडवायला गेलो, तर आतला पाइपही चेपून अडकलेला. शेवटी ग्राइंडरनेच कापला.

रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प महाग, पण चहूबाजूंनी सारखा दाबतो आणि जोड पुन्हा सुटतो. फक्त बाहेरच्या पाइपाच्या टोकाला खाच (उभी चीर) असेल तर ती पट्टीखाली पूर्ण झाकली पाहिजे. बहुतेक जण इथेच फसतात. आतला पाइपही दीड-दोन इंच आत हवा. मी बँडच घेतो, यू-क्लॅम्प फक्त हँगरपुरता, म्हणजे पाइप गाडीखाली टांगण्यापुरता.

तपासायला गाडी उघड्यावर घ्या. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या शेपटाच्या (धूर बाहेर पडतो त्या) तोंडाशी क्षणभर जाड फडका धरायचा, जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले, गळती सापडली. दोन-चार वेळा सायलेन्सर तापून निवला की नट पुन्हा एकदा आवळायचे.