ऑरगॅनिक मॅप्स: रेंज नसतानाही चालणारा नकाशा

हे फोनवरचं नकाशाचं ॲप. फुकट, जाहिरात नाही, लॉगिनची सक्ती नाही. नकाशा २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच काढलेला. घरच्या वायफायवर महाराष्ट्र उतरवून घ्या. मग शोध, रस्ता, चढ-उतार सगळं फोनवरच चालतं. लेयरच्या बटणातून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) चालू केल्या की सह्याद्रीतल्या पायवाटांना खरी किंमत येते. जीपीएक्स फाइल, म्हणजे कुणी नोंदवून ठेवलेली वाट, तीही थेट उघडते.

शहरात मात्र हात आखडतो. लाइव्ह ट्रॅफिक नाही, आणि आपल्याकडे घरक्रमांक फारसे नोंदलेलेच नसल्यामुळे पूर्ण पत्ता टाकून उपयोग नाही. जवळचं देऊळ, शाळा किंवा चौक शोधा.

कधी कधी समोर वाट दिसत असूनही ॲप लांबचा वळसा देतं. बहुतेकदा नकाशात वाटांच्या दोन रेषा नुसत्या टेकलेल्या असतात, त्यांचा सामाईक बिंदूच नसतो. हे ॲपमधून सुधारता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर आयडी एडिटर (iD, नकाशा सुधारायचं साधन) उघडा, एका वाटेचं टोक दुसऱ्या रेषेवर ओढून जोडा. दुकानाचं नाव किंवा वेळ मात्र ॲपमधूनच बदलता येते. मराठी नाव ‘नेम:एमआर’ (name:mr) या मराठीसाठीच्या रकान्यात घालायचं. गुगलवरून बघून उतरवू नका. परवान्यात बसत नाही आणि नोंद उडते.

बदल साइटवर काही मिनिटांत दिसतो, ॲपमध्ये पुढच्या नकाशा-अपडेटनंतर. तोवर पुन्हा पुन्हा तीच दुरुस्ती पाठवत बसू नये.