डायमंड पेस्टमध्ये हिराच नव्हता

अकीक, गारगोट्या पॉलिश करणाऱ्यांनी हे जरूर वाचा, कारण ही फसवणूक अकीकावर काम करताना कळतच नाही.

मी सोलापूरचा. भीमा-सीनेच्या पात्रातले अकीक नि जास्पर आणून टंबलरमध्ये, म्हणजे दगड घासणाऱ्या फिरत्या ड्रममध्ये, फिरवतो. ड्रममध्ये कार्बोरंडम (सिलिकॉन कार्बाइड) पावडरच वापरतो. आधी जाड 80 नंबर, मग 220, मग बारीक 500. महागडा हिरा ड्रममध्ये टाकायचा आणि गाळाबरोबर धुऊन घालवायचा, हे मला पटत नाही. निवडक दगडांवर शेवटचा हात तेवढा लाकडी चकतीवर डायमंड पेस्टने, म्हणजे हिऱ्याची बारीक पूड कालवलेल्या लेपाने, फिरवतो.

ती पेस्ट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली. 5 ग्रॅमच्या सिरिंज, वर ‘3 मायक्रॉन, शुद्ध डायमंड’ (मायक्रॉन हे कणांच्या आकाराचं माप), भाव इतरांच्या निम्मा. अकीक झकास चमकले.

बिंग फुटलं ते कुरुंदाच्या खड्यावर. अकीकाचा कठीणपणा 7 च्या आसपास, कुरुंदाचा 9, हिऱ्याचा 10. खरा हिरा असता तर कुरुंदाला झळाळी यायलाच हवी होती. काही केल्या येईना. विक्रेता म्हणाला, “सर, तुमच्या मोटरला स्पीड कमी आहे.” स्पीड वाढवला, खडा तापला, बाकी काही नाही.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्यांकडे गेलो. त्यांनी कार्बाइडची जुनी टिप दिली, म्हणजे लेथवर धातू कापायचा अतिकठीण तुकडा. तांब्याच्या पट्टीला माझी पेस्ट फासून टिप दाबून घासली. भिंगातून पाहिलं, तर ग्राइंडिंगच्या रेघा जशाच्या तशा. मग त्यांच्याकडची साचे (डाय) घासायची खरी डायमंड पेस्ट दुसऱ्या पट्टीवर घेतली. थोड्याच वेळात घासलेला पट्टा आरशासारखा झाला. घरी येऊन माझी पेस्ट रॉकेलमध्ये कालवली. पिवळा रंग रॉकेलात उतरला, तळाला पांढरीशुभ्र पूड. माझ्या मते ती अॅल्युमिना, म्हणजे कुरुंद ज्याचा असतो तेच द्रव्य. अॅल्युमिनाने अकीक चमकतो, म्हणूनच हा धंदा बिनबोभाट चालतो! पेस्टचा रंग हा मायक्रॉन ओळखण्यासाठी घातलेला असतो, त्यावरून हिरा आहे की नाही ते ठरत नाही. आणि सिलिकॉन कार्बाइडची भेसळ असेल तर टिपेची परीक्षाही पुरणार नाही, कारण तेही टिप कापतं. त्याची पूड काळी किंवा हिरवी असते, म्हणून धुऊन बघायचंच.

पैसे परत मागितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. बिल दिलंच नव्हतं. यूपीआयची पावती आणि चॅट जपून ठेवलं होतं, त्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

घेण्याआधी विचारा, सिरिंजमध्ये हिरा किती कॅरेट? 1 ग्रॅम म्हणजे 5 कॅरेट. 10 टक्के हिरा असेल तर 5 ग्रॅमच्या सिरिंजमध्ये अडीच कॅरेट व्हायला हवा. तो आकडा बिलावर लिहून मागा. माझ्या विक्रेत्याने हा प्रश्न दोनदा टाळला होता. सोलापुरात कुणाला आपली पेस्ट तपासायची असेल, तर टिप नि भिंग माझ्याकडे आहे. चिमूटभर घेऊन या.