‘सुई न टोचता पडदा पूर्ववत’ : आम्हाला कसं फसवलं गेलं

डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्या माणसाला फसवणं फार सोपं असतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि नजर सुधारली की बिघडली हे त्या माणसाला स्वतःलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. दृष्टी ‘पुनरुज्जीवित’ करून देतो म्हणणाऱ्या एका केंद्राने माझ्या सासूबाईंच्या बाबतीत नेमका याचाच फायदा उठवला. त्यांची रीत इथे तपशिलात लिहिते आहे, कारण नाव बदलून हीच रीत दुसरीकडेही चालू असणार.

आधी आजाराविषयी थोडं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, उजव्या डोळ्याने दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसायला लागली. शब्दकोडं सोडवताना मधले चौकोन गायब व्हायचे. रेटिनातज्ज्ञांनी (डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी) ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, करून सांगितलं की हे वयोमानानुसार होणारं मॅक्युलर डिजनरेशन आहे, डाव्या डोळ्यात कोरडं आणि उजव्यात ओलं. मॅक्युला म्हणजे पडद्याचा अगदी मधला, जेमतेम ५ मिलिमीटरचा भाग. वाचणं, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं त्याच्या जिवावर. कोरड्या प्रकारात पडद्याखाली ड्रुसन नावाचे पिवळसर साठे जमतात आणि मधल्या पेशी वर्षानुवर्षं हळूहळू झिजत जातात. ओल्या प्रकारात खालच्या थरातून कच्च्या रक्तवाहिन्या वर घुसतात, पाझरतात, आणि नजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ढासळू शकते. ओला प्रकार १० ते १५ टक्के रुग्णांनाच होतो, पण घाई त्यातच करावी लागते. या वाहिन्यांना खतपाणी घालणाऱ्या व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाला अडवणारं औषध थेट डोळ्यात टोचतात. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली, अफ्लिबरसेप्टला २०११ मध्ये. मूळ कर्करोगासाठी आलेलं बेव्हासिझुमॅबही सर्रास वापरतात. इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

डोळ्यात सुई म्हटल्यावर आईंनी पदराने डोळे टिपले आणि ‘मला नको’ म्हणाल्या. त्याच आठवड्यात कोणीतरी त्यांच्या फोनवर जाहिरात पाठवली. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही, पडदा पूर्ववत.

केंद्रात पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ होता. ‘आजी, तुम्ही अगदी वेळेत आलात,’ हे त्याचं पहिलं वाक्य. डॉक्टर आहे असं तो एकदाही म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. डोळ्यांभोवती चिकटवायच्या विजेच्या पट्ट्या, थेंब आणि कॅप्सूल असा त्याचा कोर्स होता, पैसे आगाऊ. सिगारेट ओढणं हा या आजारातला टाळता येण्याजोगा सर्वांत मोठा धोका. आई ओढत नाहीत हे खरं, पण त्याने विचारलंसुद्धा नाही.

आता तपासणीची गंमत. पहिल्या दिवशी खोलीतला एकच मंद दिवा चालू होता. आईंचा चष्मा काढून टेबलावर ठेवलेला, डावा डोळा झाकलेला, आणि वाचायचं कार्ड मदतनीस मुलीने हात लांब करून धरलेलं. आईंना वरची एक ओळ कशीबशी लागली. ती वहीत नोंदली गेली. काही बैठकांनंतरच्या तपासणीला टेबलावरचा दिवा थेट कार्डावर रोखलेला, चष्मा नाकावर, दोन्ही डोळे उघडे, कार्ड वीतभर जवळ आलेलं. चार ओळी वाचल्या! त्याने आलेख काढून दिला, आईंनी घरी येऊन सगळ्यांना दाखवला. यात काय बदललं होतं? डोळा सोडून सगळं.

शिवाय कार्ड दर वेळी तेच. आयुष्यभर शब्दकोडी सोडवलेल्या बाईला ते पाठ व्हायला कितीसा वेळ? एकदा तर मुलीने कार्ड उचलायच्या आत आईंनी पहिली ओळ म्हणून दाखवली. मुलगी हसली आणि ‘छान’ म्हणून वहीत खूण केली. माझं डोकं तिथे ठणकलं. घरी आल्यावर मी औषधाच्या खोक्यातला कागद काढला, डावा डोळा तळहाताने झाकायला लावला आणि कागद त्यांच्या पुढ्यात धरला. ‘अगं, मधे धुरकट आहे सगळं. कडेचं दिसतंय,’ आई म्हणाल्या. मधल्या डागाच्या बाजूने, किंचित तिरपं बघायला रुग्ण आपोआप शिकतो, म्हणून सरावाने वाचन थोडं सुधारूही शकतं. खाली पडदा मात्र बिघडतच असतो.

सर्वांत जास्त संताप मला पुढच्या गोष्टीचा आहे. मधल्या काळात आईंना समोरच्या भिंतीवर वेलबुट्टी दिसायला लागली, कधी नक्षीदार कपड्यातली छोटी मुलं. आवाज काही नाही, नुसती चित्रं. त्या घाबरल्या, वेड लागतंय की काय म्हणून घरात कोणाला बोलल्या नाहीत, त्या गृहस्थाला मात्र सांगितलं. तो म्हणाला, ‘अभिनंदन आजी! नसा जाग्या होताहेत.’ प्रत्यक्षात ही दृष्टी गेल्याची खूण होती. डोळ्याकडून मेंदूला पुरेशी माहिती मिळेनाशी झाली की मेंदू स्वतःच चित्रं रंगवतो. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. स्विस निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉनेने दृष्टी गेलेल्या आपल्या आजोबांना असंच दिसत असल्याचं १७६० मध्ये लिहून ठेवलं आहे. हे वेड नाही, आणि सुधारणा तर मुळीच नाही. रेटिनातज्ज्ञांनी दोन मिनिटांत समजावलं तेव्हा आईंना रडूच आलं.

कॅप्सूलचंही ऐका. माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं, ‘एआरईडीएस संशोधनाने सिद्ध’. संशोधन खरं आहे. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने ते केलं आणि निष्कर्ष २००१ मध्ये आले. मध्यम अवस्थेतल्या, किंवा एका डोळ्यात आजार बळावलेल्या रुग्णांमध्ये ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त घेतल्याने पाच वर्षांत आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. गेलेली नजर परत आली असं त्यात कुठेही नाही, आणि निरोगी डोळ्यांना आजार होतच नाही असंही नाही. दुसऱ्या फेरीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. तेव्हापासूनच्या मिश्रणात क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, जस्त ८० मिलिग्रॅम, तांबं २ मिलिग्रॅम, ल्युटिन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम असतं. आधीचं बीटा कॅरोटिन काढलं, कारण सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये त्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आता आईंच्या बाटलीवरचं लेबल : ‘ल्युटिनयुक्त वनस्पती अर्क’. किती, ते नाही. जस्ताचा पत्ताच नाही. संशोधनाचं नाव तेवढं उचललेलं. खऱ्या मिश्रणातलं जस्तसुद्धा इतकं जास्त आहे की ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

दोन गोष्टी करू नका, असं तो बजावून सांगायचा. एक, ॲम्स्लरचा तक्ता बघू नका, त्याने मनात नकारात्मकता येते. दुसरं, ओसीटी काढू नका, त्याच्या किरणांनी पडदा जळतो. ॲम्स्लरचा तक्ता म्हणजे मार्क ॲम्स्लर या स्विस नेत्रतज्ज्ञाने रूढ केलेला चौकटींचा साधा कागद. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकल्या, तुटल्या, कुठे डाग आला तर लगेच डॉक्टर गाठायचा. ओसीटीत डोळ्याला हातही लागत नाही, क्ष-किरण नसतात, अवरक्त प्रकाशाने पडद्याचे थर दिसतात आणि खाली पाणी साठलंय का ते कळतं. थोडक्यात, ज्या दोन गोष्टींनी त्याचं बिंग फुटलं असतं, त्याच दोन त्याने वर्ज्य ठरवल्या.

पुढचा टप्पा म्हणून त्याने पोटाच्या चरबीतून काढलेल्या ‘स्टेम सेल्स’ (मूळ पेशी) दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी सोडायचं सुचवलं. (सुई नको म्हणून गिऱ्हाईक धरलं, आणि आता स्वतःच सुई!) तिथून आम्ही थेट रेटिनातज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधली २०१७ ची नोंद दाखवली. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये पैसे घेऊन तीन वृद्ध स्त्रियांना नेमका हाच प्रकार केला गेला, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, आणि तिघींची दृष्टी भयंकर खालावली. पेशींवरचं खरं संशोधन वेगळं असतं. जपानमध्ये २०१४ मध्ये या आजाराच्या पहिल्या रुग्णाला पेशींचा पातळ थर बसवला, तो एकाच डोळ्यात. कोरड्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली दोन औषधंसुद्धा झीज मंदावतात, भरून काढत नाहीत. मग विजेच्या पट्ट्यांनी ‘पूर्ववत’ काय होणार?

आईंच्या उजव्या डोळ्यात तोवर व्रण धरला होता. आता इंजेक्शनं चालू आहेत, उरलेलं टिकवण्यासाठी. सुईचं म्हणाल तर डोळा थेंबांनी बधिर करतात, पापण्या क्लिपने धरतात, आणि आईंच्या शब्दांत, ‘दाबल्यासारखं वाटतं, बस्स.’ डाव्या डोळ्यासाठी घरात ॲम्स्लरचा तक्ता चिकटवला आहे.

पैसे परत मागितले तेव्हा त्या गृहस्थाने संमतिपत्र पुढे केलं. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही सेवा ‘सल्ला व नेत्रव्यायाम’ असून वैद्यकीय उपचार नाही. खाली आईंची सही. ज्या बाईला ओळीतले मधले शब्दच दिसत नाहीत, तिच्याकडून बारीक अक्षरातल्या कागदावर सही घेतली होती, आणि पावतीवरही तेच दोन शब्द. आम्ही तक्रार केली आहे. तिच्यासोबत त्यांचा आलेख, जाहिरातीचा फोटो आणि त्याच काळातला ओसीटी जोडला. आलेखात रेघ वर चढते आहे आणि स्कॅनमध्ये पडद्याखालचं पाणी वाढलेलं दिसतंय, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवल्यावर फार बोलावं लागलं नाही. तुमच्याकडे असला आलेख, बाटली किंवा पावती असेल तर रागाच्या भरात फेकू नका, आणि सर्वांत आधी ओसीटी काढून घ्या.