पिकअपची हवा: भरलेल्या गाडीच्या हिशोबाने की रिकाम्या?

चोपड्याहून केळी भरून जळगावला गेलेली पिकअप बहुतेक वेळा रिकामीच परत येते. मग मागच्या टायरांत हवा कोणत्या हिशोबाने ठेवायची, जातानाच्या की येतानाच्या?

भरलेल्या गाडीची हवा कायम ठेवली तर येताना मागची बाजू खड्ड्याखड्ड्याला उडते. पाटे, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कडक असतातच, त्यात टायर दगडासारखे. टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, तिथेच झिजून गोटा होतो, आणि पावसात ब्रेक दाबला की मागून सरकतो.

उलट, रिकाम्या गाडीच्या हवेवर दीड टन माल टाकला तर टायर बसतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याच्या बाजू वाकतात आणि तो आतून तापतो. एकदा मे महिन्यात ओल्या केळीबागेतून गाडी निघावी म्हणून मी मागची हवा सोडली आणि डांबरीवर आल्यावर भरायची विसरलो. धरणगावच्या पुढे टायर फुटला. बाजूचं रबर पट्टीसारखं सोलून निघालं होतं, हात लावला तर चटका बसला.

म्हणून रोज माल असेल तर भरलेल्या गाडीचाच आकडा धरा. आठवड्यात दोनच फेऱ्या असतील तर हवा बदलत राहा, टायर जास्त टिकतील. बदल मागेच करायचा. पुढच्या चाकांवर मालाचा भार फारसा पडत नाही.

आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून किंवा गाडीच्या पुस्तकातून घ्या. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीचा हिशोब नव्हे. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी मोजा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. पाच-सहा अंश वाढले की साधारण एक पाउंड चढतो, धावल्यावर आणखी. दुपारी काटा जास्त दाखवतो म्हणून हवा काढू नका, गार झाल्यावर ती कमीच भरेल.

नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज मला वाटत नाही. साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

स्टेपनीत मात्र कायम भरलेल्या गाडीची हवा ठेवा. जास्तीची हवा रस्त्यात सोडता येते, कमी पडली तर पंप शोधावा लागतो.